घोळका होता की नव्हता?



पूज्य बाबासाहेबांनी १९१३ ते १९१६ या काळात ज्या अमेरिकेत विद्यार्जन केले, तेथील एक खटला आज आपणांपुढे ठेवतो. पाणवठ्यावरून हाकलल्या गेलेल्या आपल्या वडीलधाऱ्यांना तो परका वाटणार नाही.

१९६१ च्या सप्टेंबरात पंधरा गोऱ्या व काळ्या ख्रिस्ती धर्मोपदेशकांपैकी काहीजण मिसिसिपी राज्यातील जॅक्सन शहरी, बसस्थानकावरील केवळ गोऱ्यांच्या प्रतीक्षागृहात शिरले. ते शांतपणे आले व शांतपणे वागले, हे पोलिसांनाही मान्य होते. तरी शांतताभंगाचा आरोप ठेवून त्यांना अटक झाली. चार महिने कैद आणि दोनशे डॉलर दंड! पुढे ते आरोप टिकले नाहीत. मग धर्मोपदेशकांनी पोलिसांवर भरपाईचा दावा लावला. गुलामगिरीतून मुक्त झालेल्यांच्या रक्षणासाठी १८७१ साली झालेल्या कायद्याचा त्यांस आधार होता.

वाद उरला तो एकच. पोलीस म्हणाले, पंचवीस-तीस माणसे त्यांच्या मागोमाग आत शिरली, ती चिडलेली होती. धर्मोपदेशक म्हणाले, घोळका नव्हताच. आता पाहा, घोळका होता असे धरले तरी चिडलेला मोकळा राहिला आणि शांत बसलेला तुरुंगात गेला! आपल्या गावांतही हा न्याय पुष्कळांनी अनुभवला आहे.

१९६७ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने ठरविले की, अटकेस वाजवी कारण आहे असे पोलिसाने सद्भावनेने व सयुक्तिकपणे मानले असेल, तर अटक घटनाबाह्य ठरली तरी त्याच्यावर भरपाईची जबाबदारी नाही. १९८२ साली सद्भावनेची चौकशीही सुटली. उल्लंघिलेला हक्क आधीच निःसंशय प्रस्थापित होता काय, एवढेच पाहिले जाऊ लागले. म्हणून वाजवी कारण नव्हते असे सिद्ध झाले, तरी समंजस अधिकाऱ्याची तशी चूक होऊ शकली असती, एवढ्यावर तो सुटतो. धम्म कर्माच्या मुळाशी चेतना पाहतो; हा नियम चेतनेकडे पाहतच नाही.

आपल्या संविधानाच्या अनुच्छेद २२ नुसार अटकेची कारणे सांगणे आणि प्रवासाचा वेळ वगळून चोवीस तासांत दंडाधिकाऱ्यापुढे नेणे बंधनकारक आहे. घरात कुणाला अटक झाली, तर त्याच दिवशी वेळ, ठिकाण, सांगितलेले कारण आणि तेथे हजर असलेल्यांची नावे वहीत लिहून ठेवा. घोळका होता की नव्हता, हा प्रश्न पुढे तुम्हांलाही विचारला जाईल.