गाडीतली बॅटरी आणि बाहेरून घेतलेली वीज

बचत गटांच्या जेवणाच्या गाड्या आता आठवडी बाजारात, जत्रेत, प्रदर्शनात दिसू लागल्या आहेत. गाडीतले दिवे, पंखा बॅटरीवर चालतात आणि मुक्कामाला वायर टाकून बाहेरची वीज घेतली जाते. हे सगळं आपण ड्रायव्हरवर नाहीतर वायरमनवर सोडून देतो. पण बॅटरीचा हप्ता गट फेडतो आणि दिवसभर गाडीला हात आपलाच लागतो. म्हणून हे आपल्याला कळायला हवं.

आधी बॅटरीत किती वीज मावते ते पाहू. बॅटरीवर १२ व्होल्ट, १५० अँपिअर-अवर असं लिहिलेलं असतं. दोन्हींचा गुणाकार करा. १,८०० वॅट-तास आले, म्हणजे दोन युनिटला थोडी कमी वीज. साध्या अॅसिडच्या बॅटरीतून निम्मीच वीज वापरावी, तर ती टिकते. राहिली ९००. त्यातली थोडी इन्व्हर्टर खातो, म्हणून ७५० धरून चालू. ९ वॅटचे ४ दिवे आणि ५० वॅटचा पंखा मिळून ८६ वॅट. ५ तास चालवले तर ४३०. सहज भागलं. पण २,००० वॅटची इंडक्शन शेगडी लावली तर तेच ७५० वीस-बावीस मिनिटांत संपतील. म्हणून स्वयंपाक गॅसवरच ठेवा.

आता चार्जिंग. १५० च्या बॅटरीला साधारण १५ अँपिअरचा चार्जर लागतो. निम्मी उतरलेली बॅटरी हिशेबाने ५ तासांत भरायला हवी. पण भरत आली की ती वीज हळूहळू घेते, म्हणून ८ ते १० तास लागतात. बाजारातून येताना अर्धा तास इंजिन चाललं म्हणजे बॅटरी भरली, असं होत नाही. घरी आल्यावर रात्रभर चार्जिंगला लावा. चार्जर मात्र बॅटरी भरल्यावर आपोआप वीज कमी करणारा घ्या. उतरलेली बॅटरी तशीच पडून राहिली की आतल्या प्लेटांवर सल्फेटचा थर घट्ट बसतो आणि बॅटरी लवकर निकामी होते. हंगाम संपला तरी तिला अधूनमधून चार्ज करा.

पाणी घालायचं ते डिस्टिल्डच. नळाचं नको, वरून अॅसिडही नको. चार्ज होताना बॅटरीतून हायड्रोजन वायू निघतो आणि तो पेट घेतो. म्हणून बॅटरी शेगडीपासून दूर, वारा खेळेल अशा कप्प्यात ठेवा. चार्जिंग चालू असताना जवळ काडी ओढू नका.

आता सगळ्यात जपायची गोष्ट, बाहेरची वीज. गाडीचे टायर रबराचे, त्यामुळे गाडीचा पत्रा जमिनीला जोडलेला नसतो. एखादी वायर सोलली आणि पत्र्याला लागली, तर वरून काहीच दिसत नाही. ओल्या जमिनीवर उभ्या असलेल्या बाईने पत्र्याला हात लावला की वीज तिच्या अंगातून जमिनीत जाते. जीव जाऊ शकतो. म्हणून तीन पिनांचा प्लग, तीन तारांची वायर आणि पत्र्याला पक्कं अर्थिंग हवंच. शिवाय ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी बसवून घ्या. वीज गळली की ती क्षणात पुरवठा तोडते. तिच्यावर टेस्टचं बटण असतं. महिन्यातून एकदा दाबा. खटका पडला नाही तर गाडी लावू नका. वायर पूर्ण उलगडून ठेवा, गुंडाळलेली वायर तापते. आणि खांबावर आकडा टाकून वीज घेऊ नका, कोणी कितीही सांगितलं तरी.

पुढच्या बैठकीत आपल्या गाडीतल्या प्रत्येक वस्तूचे वॅट गटाच्या वहीत लिहा आणि बेरीज करा. वायरमन आला की आरसीसीबी कुठे आहे, अर्थिंग कुठे जोडलंय, हे त्याला दाखवायला सांगा. “ताई, तुम्हाला नाही कळायचं,” असं तो म्हणाला, तर वही त्याच्यापुढे ठेवा.