मोहप्रसंगी पवित्र शास्त्र आणि प्रार्थना



या महोत्सवात आपल्या पूर्वजांच्या श्रद्धेचे गुणगान पुष्कळ झाले, व ते योग्यच आहे. आम्ही मात्र आज मोहाचा विषय आपणांपुढे ठेवितो. कारण उत्सवाच्या गडबडीत सैतानास अधिकच फावते.

अरण्यात चाळीस दिवस उपास केल्यावर प्रभू येशूस भूक लागली, आणि तेव्हाच परीक्षक आला, असे संत मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या चौथ्या अध्यायात आहे. प्रभूने वादविवाद केला नाही. तिन्ही वेळा शास्त्रवचनाने उत्तर दिले. ती तिन्ही वचने अनुवाद या एकाच ग्रंथातील, सहाव्या व आठव्या अध्यायांतील आहेत. इस्राएल लोकांच्या चाळीस वर्षांच्या अरण्यवासाचे स्मरण त्यांत आहे. जेथे ते लोक घसरले, तेथे प्रभू अढळ राहिला.

परंतु याच प्रसंगातील दुसरी गोष्ट आपल्या ध्यानात क्वचित राहते. मंदिराच्या शिखरावर सैतानानेही शास्त्र म्हणून दाखविले. आणि तेही कोणते? आम्ही धर्मगुरू रात्रीच्या प्रार्थनेत जे म्हणतो ते ९१ वे स्तोत्र! तेव्हा वचने मुखोद्गत असणे एवढ्यानेच भागत नाही.

याचा अनुभव आपल्या घरांतून येतो. वडिलोपार्जित जमिनीस भाव आला, की बहिणीपुढे हक्कसोडपत्र ठेविले जाते. १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार कायद्याने मृत्युपत्र नसता ख्रिस्ती मुलीचा वाटा मुलाइतकाच आहे, हे भावास ठाऊक असते. मग तो चौथ्या आज्ञेचा आधार घेतो: वडिलांचा मान राखावयाचा, त्यांची इच्छा जमीन एकत्र राहावी अशीच होती! सातवी आणि दहावी आज्ञा मात्र त्यास त्या घटकेला आठवत नाही. शास्त्राचा सोयीचा तेवढाच तुकडा उचलणे ही त्या शिखरावरचीच युक्ती होय. बहीण बिचारी माहेर तुटेल या भयाने सही करिते, आणि आपण तिला समजूतदार म्हणतो!

म्हणून वाचनास प्रार्थनेची जोड हवी, व तीही वेळेवर. गेथशेमनी बागेत जागे राहून प्रार्थना करण्यास प्रभूने सांगितले असता पेत्र झोपी गेला. पुढे तलवार उपसण्याइतके धैर्य त्याच्या अंगी होते, तरी एका दासीच्या प्रश्नापुढे ते टिकले नाही. मोह समोर आल्यावर आपण प्रार्थना शोधू लागतो. ती त्याआधीच्या रात्री व्हावयास हवी होती.

ज्यांच्या घरी असे कागद तयार असतील, त्यांनी सहीचा दिवस आठवडाभर पुढे ढकलावा. संत लूकच्या बाराव्या अध्यायात भावाकडून वतनाचा वाटा मागणारा एक मनुष्य प्रभूकडे येतो. तो भाग रोज सायंकाळी जपमाळेनंतर घरात मोठ्याने वाचावा. त्यांतील एका सायंकाळी तरी बहिणीस बोलावून आणावे, आणि वाचन तिच्याकडून करवून घ्यावे.