सुपारी, ठेका आणि चाल

आंबिवली स्टेशनात उतरून मोहन्याच्या बाजूला आलात आणि संध्याकाळी चारदोन तरुण पोरे कट्ट्यावर बसलेली दिसली, तर थोडा वेळ उभे राहून ऐका. त्यांतला एकजण केव्हा ना केव्हा म्हणणारच, 'आपण एक पार्टी काढू या!' ही पार्टी राजकारणातली नव्हे आणि जेवणाची तर नव्हेच. ही बेंजो पार्टी. ठाणे-कल्याणकडची हळद किंवा गणपतीचे विसर्जन ज्यांनी पाहिले आहे, त्यांना तिची ओळख करून द्यावयास नको. ज्यांनी पाहिले नाही, त्यांनी एकदा जरूर यावे. मात्र कान सांभाळून यावे.

ज्याला आपण बेंजो म्हणतो तो अमेरिकेतला बँजो नव्हे, हे पहिल्याने सांगितले पाहिजे. जपानात नागोया येथे १९१२ साली मोरिता नावाच्या गृहस्थाने एक तंतुवाद्य काढले. लांबट पेटीवर तारा ताणलेल्या, आणि त्या दाबावयास टंकलेखन यंत्रासारख्या कळा. ते वाद्य हिंदुस्थानात आले आणि 'बुलबुल तरंग' या गोड नावाने घरोघर गेले. मुंबईच्या चाळींनी आणि कोळीवाड्यांनी त्याला वीज जोडली, कर्णा लावला, आणि ते गाडीवर चढवून वरातीपुढे काढले. बुलबुलाचा असा ससाणा झाला! २०१६ साली रवी जाधव यांनी याच मंडळींवर 'बँजो' नावाचा हिंदी चित्रपट काढला, तेव्हा कोठे शहरातल्या पुष्कळांना कळले की आपल्या गल्लीत जे वाजते त्याला काही नाव आहे.

आता पार्टी उभी करावयास काय लागते? पोरे म्हणतात, पैसा. पैसा लागतोच, पण त्याच्याही आधी एक ढोलकीवाला लागतो. बेंजोवाला सहा महिन्यांत तयार होतो. त्याच्या कळांवर बोटे बसली की सिनेमाची गाणी निघू लागतात. ढोलकीवाला तसा तयार होत नाही. एका तोंडाला शाई, दुसऱ्याला आतून मसाला, दोन्ही बाजूंचा ताण निराळा. हवा दमट झाली की कातडे उतरते, मंडपातल्या दिव्यांच्या उष्णतेने चढते. वाजवता वाजवता ते पट्टीत ठेवणे हे काम पुस्तकातून येत नाही. शिवाय ताशा, ढोल, हल्ली एखादा की-बोर्ड आणि काठीने वाजवावयाचे विजेचे पॅड. पण तुम्ही डोळे मिटून ऐका: सारी पार्टी एका माणसाच्या ठेक्यावर चाललेली असते. तो उठून पाणी प्यायला गेला की बाकीचे नुसता आवाज करतात.

दुसरी गोष्ट जागा. तालीम कोठे करावयाची? मोहन्याला रेयॉनचा मोठा कारखाना होता आणि त्याची वसाहत होती. महाराष्ट्राच्या कानाकोपऱ्यातली आणि बाहेरचीही माणसे तेथे पाळ्यांवर राबत, आणि ज्याच्या त्याच्या गावचे भजन, भारूड, फाग त्याच्याबरोबर येई. २००९ साली कारखाना बंद पडला. पगार गेला, आणि त्याच्याबरोबर एक न दिसणारी वस्तूही गेली: ठरलेल्या वेळी मोकळी होणारी माणसे. आज त्या घरांतला मुलगा कोणी रिक्षा चालवतो, कोणी पहाटेच्या लोकलने मुंबईस जातो आणि रात्री नऊला परततो. रात्री दहा वाजल्यावर कर्णा बंद, असा २००० सालापासून नियमच आहे, आणि तो योग्यच आहे. शेजाऱ्याच्या म्हाताऱ्या आईलाही झोप हवी. म्हणजे नऊ ते दहा, एवढाच तास. त्यात पाच माणसे एके ठिकाणी जमवणे हे संगीतापेक्षा अवघड काम आहे, असे मला वाटते.

पैशाचेही दोन शब्द बोलू. पार्टीला मिळणाऱ्या कामाला 'सुपारी' म्हणतात. सुपारी आली की तिचे वाटे पडतात: वाजवणाऱ्याचा एक, वाद्य ज्याचे त्याचा निराळा, कर्ण्याचा आणि गाडीचा निराळा. वैशाख-ज्येष्ठात हळदीमागून हळदी, हातात नोटा. पुढे आषाढ लागला की लग्ने थांबतात. गणपती-नवरात्रात पुन्हा थोडी धावपळ, मग तुळशीचे लग्न लागेपर्यंत सारे गप्प. पार्ट्या फुटतात त्या या गप्प महिन्यांत. कर्जाचा हप्ता दारात उभा असतो आणि 'मागच्या हळदीचे माझे राहिले' हे वाक्य प्रत्येकाच्या तोंडी असते. ज्यांनी पहिल्या दिवशीच शंभर पानी वही घालून वाटे लिहून ठेवले, त्या पार्ट्या टिकलेल्या मी पाहिल्या आहेत. बाकीच्यांची नावे फक्त जुन्या ढोलांवर रंगवलेली दिसतात.

हे झाले वाजवण्याचे. पण पार्टीचे स्वतःचे गाणे कोठे आहे?

बेंजो पार्टीत गायक बहुधा नसतो, बेंजोच गातो. लोकांना शब्द पाठ असतात, बेंजोने नुसता सूर धरला की चारशे माणसे मनातल्या मनात शब्द भरतात. ही गंमत खरी, पण तिची एक किंमत आहे. जे गाणे लोकांना आधीच ठाऊक नाही, ते अशी पार्टी वाजवूच शकत नाही. म्हणजे नवे गाणे करावयाचे तर आधी कंठ उघडला पाहिजे.

चाल आधी की शब्द आधी, हा आपल्याकडचा जुना वाद. त्याचा निकाल कोणी लावू नये. किर्लोस्करांच्या १८८० सालच्या 'शाकुंतल'पासून नाटकाच्या पुस्तकांत पदाच्या डोक्यावर 'चाल' म्हणून दुसऱ्या गाण्याचा उल्लेख छापलेला असे. लोकांना माहीत असलेल्या चालीवर नवे शब्द बसवणे यात कोणाला कमीपणा वाटत नसे. पुढे १९११ साली 'मानापमान'ला गोविंदराव टेंबे यांनी चाली दिल्या आणि चाल बांधणाऱ्याचे नाव स्वतंत्रपणे घेतले जाऊ लागले. उलट, शब्द आधी असण्याचे सर्वांत मोठे उदाहरण आकाशवाणीच्याच घरातले आहे. १९५५ सालच्या रामनवमीला पुणे केंद्रावरून 'गीतरामायण' सुरू झाले. सीताकांत लाड यांची योजना, गदिमांचे शब्द, सुधीर फडके यांच्या चाली. आठवड्याला एक याप्रमाणे एकंदर ५६ गीते. दर आठवड्याला गाणे हजर झालेच पाहिजे! प्रतिभा लागतेच, पण त्या पाठीमागे घड्याळही होते, हे आमच्या पोरांना मी मुद्दाम सांगतो. 'सुचेल तेव्हा करू' म्हणणाऱ्यांचे गाणे पुढच्या गणपतीलाही तयार नसते.

मोहन्याच्या पोरांना याहून जवळचा दाखला हवा असेल तर तो लाल बावटा कलापथकाचा. १९४४ साली अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गवाणकर या तिघांनी ते उभे केले. डफ, ढोलकी, तुणतुणे, मागे झील धरणारे साथीदार. जुन्या तमाशाचीच मांडणी, पण गाण्यात गिरणी, संप, भाकरी. अण्णाभाऊ वाटेगावातून मुंबईला आलेले, शाळा म्हणावी अशी त्यांना लाभलीच नव्हती. पठ्ठे बापूरावांनी मुंबईचे वैभव लावणीत गायिले होते. अण्णाभाऊंनी तोच लावणीचा घाट घेतला आणि मुंबई कामगाराच्या बाजूने दाखवली. घाट ओळखीचा असल्यामुळे ऐकणारा थांबला, आणि थांबल्यावर त्याला कळले की हे तर आपलेच बोलणे आहे. अमर शेखांचा आवाज पहाडी होता हे खरे, पण त्या आवाजाला म्हणण्याजोगे काही मिळाले होते हेही तितकेच खरे.

मग मोहन्याच्या पार्टीने कोणता घाट घ्यावा? माझे उत्तर मांडवातच आहे. आगरी लग्नात हळदीच्या वेळी आत धवलारीन बसलेली असते. वय झालेली बाई. एकेका विधीबरोबर एकेक धवला म्हणते, बाजूच्या बाया झील धरतात. कागद नाही, वही नाही. महानुभावांच्या महदंबेने तेराव्या शतकात गोविंदप्रभूंच्या लग्नप्रसंगी 'धवळे' गायिले, तिला मराठीतली आद्य कवयित्री मानतात. तेच नाव आणि तोच लग्नाचा प्रसंग आमच्या मांडवात अजून चालू आहे. आणि त्याच वेळी बाहेर काय चालते? आमची बेंजो पार्टी! कर्णे लावून आम्ही सिनेमाचे गाणे वाजवतो आणि आतल्या बाईचा आवाज तिच्या शेजारणीलाही ऐकू येत नाही. मी कित्येक हळदींत पाहिले आहे, बाई ओठ हलवते, विधी उरकतो, धवला कोणाच्या कानी पडत नाही. ऐकू आला नाही तर सुनेला येणार नाही, आणि सुनेला आला नाही की संपला.

तेव्हा पार्टीने पावसाळ्यातल्या त्या गप्प महिन्यांत धवलारणीकडे जाऊन बसावे. आजीला चहा करावयास लावू नये, आपणच न्यावा. तिची पट्टी काळी एक की पांढरी चार ते पाहून बेंजोच्या तारा तिच्याकडे उतरवाव्यात, तिला बेंजोकडे चढवू नये. धवल्याची ओळ श्वासावर मोडते, ठेक्यावर मोडत नाही. ढोलकीवाल्याने प्रथम हात बांधून ऐकावे आणि आठ मात्रांचा केरवा बसतो की सहांचा दादरा, हे मागाहून ठरवावे. मग नवे शब्द. ते शब्द आपल्या दिवसांचे असोत: बंद फाटक, पहाटेची कसारा लोकल, उल्हासवरचा बंधारा, विकून गेलेले भातशेत. ध्रुवपद असे असावे की तिसऱ्या वेळेस ऐकणाऱ्याने ते स्वतःहून धरावे. धरले नाही तर शब्द बदलावेत, ऐकणाऱ्याला दोष देऊ नये.

आणि शब्द लिहिताना शाळेतल्या मास्तरांना जरा दाराबाहेर बसवावे. आगरी बोलीत 'ळ'चा 'ल' होतो, 'ण'चा 'न' होतो. तोंडात 'पानी' आहे आणि कागदावर 'पाणी' लिहिले, तर गाणारा त्या अक्षराशी अडखळतो आणि ओळ लंगडते. 'पानी'च लिहावे. कोणी हसले तर हसू द्यावे.

गाणे प्रथम कोठे म्हणावे? विसर्जनाच्या गर्दीत नको, तेथे लोकांना नाचावयाचे असते. गणपतीच्या मंडपात आरतीनंतर जी तासभर शांतता असते ती बरी, किंवा ज्या घरच्या हळदीत यजमान आपला आहे तेथे बोलून ठेवावे, की धवला चालू असेतो कर्णे बंद राहतील आणि तो संपला की त्याच सुरावर आमचे नवे गाणे सुरू होईल. यजमान पहिल्याने कां-कूं करील. त्याच्या आईला मध्ये घालावे. ती लगेच हो म्हणेल.

राहिला प्रश्न धवलारणीच्या वाट्याचा. तिला लुगडे-नारळ देऊन मोकळे होण्याची रीत आहे. पण ज्या गाण्याची चाल तिच्याकडून आली त्याच्या सुपारीत तिचा वाटा बेंजोवाल्याइतका असावा, असे माझे स्पष्ट मत आहे. यावरून पार्टीत भांडण होणार, हे मी जाणतो. ते पहिल्या तालमीलाच करून घ्यावे, आणि ठरेल ते वहीत लिहावे.