यंत्राच्या मुखत्याराला लिहिलेले माहितीपत्रक



आजच्या विषयाचे नाव कार्यक्रमपत्रिकेत वाचून पुष्कळांच्या कपाळाला आठी पडली असेल. सॉफ्टवेअरचा परवाना मोकळा करण्याचे एक साधन, आणि त्याचे माहितीपत्रक कसे लिहावे याची चर्चा! यात ऐकण्यासारखे ते काय? पण हे पत्रक वाचणारा आता पुष्कळदा माणूस नसतो, एवढे सांगितले म्हणजे आम्ही आपला वेळ का घेत आहोत हे ध्यानात येईल.

प्रथम परवान्याची गोष्ट. एखादा वास्तुशिल्पकार नकाशे काढण्याचे सॉफ्टवेअर 'विकत घेतो' असे आपण म्हणतो. वस्तुतः तो ठरावीक संगणकांवर ते चालविण्याची परवानगी घेत असतो. समजा, परवाना दोन संगणकांचा आहे. जुना संगणक मोडीत काढून नवा आणला, तर जुन्याची जागा आधी मोकळी करावी लागते, एस. टी.त एक उतारू उतरल्याखेरीज दुसऱ्याला आसन मिळत नाही, तसेच हे. या क्रियेला डीॲक्टिव्हेशन म्हणतात.

गोम आहे ती या शब्दातच. कोठे त्याचा अर्थ एका संगणकाची जागा मोकळी करणे, तर कोठे सबंध परवानाच बंद करणे. विंडोजमध्ये 'एसएलएमजीआर' नावाची आज्ञावली आहे. तिला 'यूपीके' हा पर्याय दिला की त्या संगणकातील उत्पादन-किल्ली निघून जाते. तीही एका अर्थी परवाना काढण्याचीच क्रिया. पण घरातली किल्ली काढली म्हणजे विक्रेत्याच्या वहीत आपल्या नावापुढची नोंद खोडली गेली, असे नव्हे. माणूस पत्रक वाचतो तेव्हा अशा जागी थबकतो, शेजारच्याला विचारतो, निदान चहा होईपर्यंत काम पुढे ढकलतो. आमच्या मते माणसाच्या या थबकण्यावरच आजवरची निम्मी माहितीपत्रके तरून गेली!

एआय एजंट तसा थबकेलच असे नाही. "जुन्या संगणकाची आवराआवर कर" एवढे मालकाने सांगितले की तो हाताशी असलेल्या साधनांची वर्णने वाचतो आणि त्यांतले एक उचलतो. ही साधने एजंटापुढे मांडण्याची एक सामाईक रीत, मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल, अँथ्रॉपिक या कंपनीने नोव्हेंबर २०२४ मध्ये जाहीर केली. तीत प्रत्येक साधनाला नाव, वर्णन आणि कोणती माहिती पुरवावी याचा आराखडा असतो. मार्च २०२५ च्या आवृत्तीत त्याला काही खुणा जोडता येऊ लागल्या: हे साधन केवळ पाहते की बदल करते, बदल विध्वंसक आहे काय, तेच काम पुन्हा केल्यास अधिक काही घडते काय. लिहिणाऱ्याने खूण केलीच नाही, तर बदल करणारे साधन विध्वंसक असू शकते असे धरून चालावे, असा त्यातला संकेत आहे. आम्हांस हा संकेत फार शहाणपणाचा वाटतो.

आपल्याकडे मुखत्याराचा व्यवहार जुना आहे. १८७२ च्या करार कायद्याचे २१४ वे कलम सांगते की, अडचणीच्या प्रसंगी मुखत्याराने धन्याशी संपर्क साधून त्याची आज्ञा मिळविण्याची वाजवी खटपट केली पाहिजे. संगणकातला एजंट कायद्याच्या अर्थाने मुखत्यार नव्हे, कारण तो व्यक्तीच नव्हे. मग ते कलम त्याला कोण वाचून दाखविणार? ते काम वर्णन लिहिणाराकडे येते. "परवाना निष्क्रिय करते" हे वर्णन नव्हे. "नाव दिलेल्या एकाच संगणकाची जागा मोकळी करते, परवाना चालू राहतो, त्या संगणकावरचे सॉफ्टवेअर उघडेनासे होते, संगणक कोणता हे निश्चित नसेल तर आधी यादी मागवावी आणि मालकास विचारावे" हे वर्णन.

आता एक प्रसंग सविस्तर पाहू. एजंटाने जागा मोकळी करण्याची विनंती पाठविली. विक्रेत्याच्या सर्व्हरने ती केलीही. पण उत्तर येण्याआधीच इंटरनेट तुटले. एजंटाला वाटले, काम झाले नाही. त्याने तीच विनंती पुन्हा पाठविली. साधन जर संगणकाची ओळख मागत असेल तर काही बिघडत नाही. जागा आधीच मोकळी आहे, एवढेच उत्तर येईल. परंतु साधन "सर्वांत जुनी एक जागा मोकळी करा" अशा बेताचे असेल, तर दुसऱ्या खेपेस दुसराच संगणक बाहेर फेकला जाईल. आणि तो आमच्या वास्तुशिल्पकाराचा, उद्या दुपारी निविदा भरावयाची म्हणून रात्री दहाला नकाशा उघडून बसलेला! दोन्ही साधनांचे नाव एकच असू शकते. म्हणून 'पुन्हा पाठविल्यास काय होईल' हे वाक्य आम्ही पत्रकाच्या तळाशी नव्हे, पहिल्या चार ओळींत मागतो.

कोणी म्हणेल, एवढे लिहिले की झाले. तसे नाही. वर्णन म्हणजे कुलूप नव्हे. त्या खुणासुद्धा अविश्वासू ठिकाणाहून आल्या असतील तर खऱ्या मानू नयेत, असे त्या प्रोटोकॉलच्या नियमांतच बजावले आहे. सबंध परवाना बंद करण्याचे साधन वेगळे ठेवावे, वेगळ्या नावाचे, आणि माणसाच्या होकाराखेरीज ते चालूच नये.

राहिला नकाराचा मजकूर. "चूक क्रमांक ४०३" एवढेच उत्तर आले तर एजंट दुसरी वाट शोधू लागतो, आणि ती वाट कधी कधी भलत्याच साधनाकडे जाते. त्याऐवजी "या कामास खातेदाराची संमती हवी, येथे थांबून त्यास विचारा" असे लिहून आले, तर विचारायचे कोणाला हे त्याला कळते, आणि वास्तुशिल्पकारालाही जुन्या संगणकाचे नाव एकदा डोळ्यांखालून घालता येते.