सुतारकाम, वखार आणि उधारीची वही
(मंडळाच्या गणेशोत्सवात झालेले भाषण)



मंडळाने आम्हाला ‘सुतारकामाचा छोटा व्यवसाय कसा उभा करावा’ यावर बोलायला सांगितले आहे. आम्ही म्हणजे आम्ही दोघे भाऊ आणि वहिनी. यंत्रावर आम्ही दोघे असतो, वही वहिनींच्या हातात असते. आज जे बोलणार आहोत त्यातले निम्म्याहून अधिक त्या वहीतूनच आले आहे. भाषणाची सवय नाही, तेव्हा सांभाळून घ्या.

सुरतेच्या परिसरात लाकडाचे काम करणाऱ्याने आपण काही नवे करतो असे समजू नये. लवजी नसरवानजी वाडिया हे सुरतचे, जहाजे बांधणारे पारशी कारागीर. ईस्ट इंडिया कंपनीच्या कामासाठी ते १७३६ साली मुंबईला गेले आणि त्यांच्या घराण्याने तिथे पिढ्यान्‌पिढ्या जहाजे बांधली. त्यांतले १८१७ साली पाण्यात उतरलेले ‘त्रिंकोमाली’ हे सागवानी जहाज आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूल इथे तरंगते आहे. दोनशे वर्षांहून जास्त झाली! आम्ही दाराची हमी पाच वर्षांची देतो, तीही मनातल्या मनात गणपतीचे नाव घेऊन.

सागाचे मोठे रान तर आपल्या शेजारीच, डांगात. गायकवाड सरकारने १९१३ साली बिलिमोरा ते वघई अशी छोटी रेल्वे टाकली, तिच्यामागे हे लाकूड खाली आणण्याचा मोठा हेतू होता. १९६० साली डांग गुजरातेत गेले यावर आमच्या वडिलांच्या पिढीने पुष्कळ चर्चा केली. आम्हाला एवढेच विचारायचे असते, की आज वखारीत सागाचा भाव काय? शाळेत आपण इंग्रजांची सुरतेची वखार वाचली आणि मोठेपणी लाकडाच्या वखारीत उभे राहिलो. रोखीशिवाय माल हलत नाही हे दुसऱ्या वखारीत पहिल्याच दिवशी कळते. हे लक्षात ठेवा, पुढे याचाच हिशेब येणार आहे.

आमचे वडील अमळनेरकडून लूमवर कामाला आले. इथे बसलेल्या बहुतेक घरांची हीच कथा. खानदेशातून माणूस गाडीत बसला की सुरतला उतरतो, पाळीला लागतो, आणि मुलाने काय करावे असे विचारले तर ‘पगाराची नोकरी’ असे उत्तर येते. त्यामुळे थोरल्याने नोकरी सोडून पलसाण्याच्या बाजूला भाड्याचा गाळा घेतला, तेव्हा घरात चार दिवस कोणी धड बोलले नाही. हाताशी जुने रंधा मशीन, एक गोल करवत आणि आजोबांच्या पटाश्या.

पहिली गिऱ्हाइके आपलीच माणसे. पाट, चौरंग, देव्हारा. महाराष्ट्रात २०१८ साली थर्माकोलवर बंदी आली, त्यानंतर धुळ्या-जळगावच्या नातेवाइकांकडून प्लायच्या घडीच्या मखराची मागणी सुरू झाली. काम सुंदर, कौतुकही भरपूर. पण मखर वर्षातून एकदाच विकले जाते आणि गाळ्याचे भाडे बारा वेळा द्यावे लागते. कौतुकावर कारखाना चालत नाही, रोज लागणारी वस्तू हवी.

ती वस्तू आमच्या दारातच होती. पलसाणा-कडोदरा पट्ट्यात डाइंग-प्रिंटिंगच्या मिल आहेत. तिथली जमीन सदा ओली. कापडाचे तागे, रंगाची पिंपे, सुताची खोकी जमिनीवर ठेवता येत नाहीत, त्यांना खाली लाकडी पॅलेट लागते. पॅलेट मोडते, कुजते, पुन्हा लागते. दिसायला काही नाही, फळ्या आणि खिळे. आमच्या एका काकांनी ‘सुताराचा मुलगा खोकी ठोकतो’ असे म्हटलेही. पण या खोक्यांनीच गाळ्याचे भाडे दिले आणि फर्निचरची चांगली कामे घाई न करता करता आली.

कच्च्या मालाचीही गंमत सांगतो. परदेशातून येणारी लूम लाकडी खोक्यांतून येतात. मशीन बसले की ते खोके मिलवाल्याला अडचण होते आणि आम्हाला माल होतो. मात्र त्या लाकडावर गव्हाच्या ओंबीसारख्या चिन्हाचा शिक्का असतो, तो वाचायला शिका. शिक्क्यात ‘एचटी’ असेल तर लाकूड आतपर्यंत ५६ अंश सेल्सिअसला निदान ३० मिनिटे तापवलेले असते. ‘एमबी’ असेल तर कीड मारायला मिथिल ब्रोमाइड वायू दिलेला असतो. एमबीचे लाकूड आम्ही स्वयंपाकघरातल्या किंवा लहान मुलांच्या वस्तूला लावत नाही. नवे पाइन हवे असेल तर ते कांडला बंदरातून उतरून गांधीधामच्या बाजारातून येते.

आता मापाकडे येऊ, कारण नवा माणूस इथेच बुडतो. लाकूड घनफुटात विकतात. रुंदी इंचात, जाडी इंचात, लांबी फुटात. तिघांचा गुणाकार करून १४४ ने भागा. पाच बाय तीनची दाराची चौकट घ्या: सात फुटांचे दोन उभे, साडेतीन फुटांचा एक आडवा, एकूण साडेसतरा फूट. पंधरा गुणिले साडेसतरा, भागिले १४४, म्हणजे सुमारे १.८२ घनफूट. गिऱ्हाईक मोबाइलवर हाच आकडा काढून येते आणि म्हणते, लाकूड तर एवढेच लागले. पण गाठ, चीर, वाकडेपणा आणि रंध्याचा भुसा धरून आम्ही २० टक्के तूट मोजतो, तेव्हा विकत घ्यावे लागते २.१८ घनफूट. शिवाय मजुरी, वीज, फेविकॉल, पॉलिश पेपर, टेम्पो, भाडे. दर सांगताना हे सगळे कागदावर मांडून दाखवले, तर आपल्या लोकांना ते पटते असा आमचा अनुभव आहे. तोंडी दर सांगितला की घासाघीस होते.

पण बंधूंनो, छोटा कारखाना काम नसल्यामुळे बंद पडतो असे तुम्हाला वाटत असेल, तर थोडे थांबा. आम्ही पाहिलेले कारखाने काम वाढल्यामुळे बंद पडले. समजा महिन्याला २ लाखांचे काम आहे, त्यात खर्च १ लाख ८० हजार आणि नफा २० हजार. वखारवाला रोख घेतो, कारागिराला शनिवारी पगार द्यावा लागतो आणि मिलचे पैसे तीन महिन्यांनी येतात. म्हणजे तुमच्या खर्चाचे ५ लाख ४० हजार रुपये कायम दुसऱ्याच्या घरी. नफ्यातून तेवढी रक्कम साठवायला २७ महिने लागतात. काम दुप्पट झाले की अडकलेली रक्कमही दुप्पट, १० लाख ८० हजार. वरून सगळे अभिनंदन करतात, आणि शनिवारी पगाराला पैसे नसतात.

एका मोठ्या मिलने आम्हाला तिप्पट पॅलेटची ऑर्डर देऊ केली होती, चार महिन्यांच्या उधारीवर. दोघे भाऊ खूश झालो. वहिनींनी वही उघडून तीन ओळी लिहिल्या आणि विचारले, ‘दागिने ठेवायचे ते माझे, की आईंचे?’ ऑर्डर घेतली नाही. लोक म्हणाले, मराठी माणूस धंद्यात घाबरतो. म्हणोत. दागिने घरात आहेत, कारखाना चालू आहे.

तेव्हापासूनचा आमचा रिवाज असा. घरगुती कामाला निम्मी रक्कम आधी, उरलेली पॉलिशच्या आधी, थोडी बसवल्यावर. मिलला लेखी ऑर्डरशिवाय माल नाही, आणि एका मिलकडे ठरावीक रकमेपेक्षा जास्त येणे झाले की पुढचा टेम्पो थांबतो. ‘उद्यम’ नोंदणी करून तिचा क्रमांक बिलावर छापा. ती फुकट होते, एजंटला पैसे देऊ नका. २००६ च्या कायद्याप्रमाणे सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे लेखी करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसल्यास १५ दिवसांत द्यावे लागतात. उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट व्याज लागते. आता आयकराची तरतूदही आहे, या मुदतीत पैसे दिले नाहीत तर ते प्रत्यक्ष देईपर्यंत तो खर्च खरेदीदाराला वजा मिळत नाही. मार्च जवळ आला की याचा उपयोग दिसतो. तक्रारीसाठी सरकारी पोर्टल आहे. तक्रार केली की ते गिऱ्हाईक जाते हेही खरे, म्हणून ती शेवटची पायरी. एकदा सात महिने पैसे अडकले तेव्हा आम्ही कायद्याची कलमे लिहिलेले साधे पत्र पाठवले, आणि त्यावरच काम झाले.

परवान्याबद्दल थोडक्यात. ओंडके कापायची आरागिरणी काढायची तर वन खात्याचा परवाना लागतो आणि तो सहज मिळत नाही. कापलेले लाकूड, प्लाय किंवा आयात लाकूड घेऊन वस्तू करायच्या असतील, बँड सॉ नसेल आणि गोल करवत ३० सेंटिमीटरपेक्षा मोठी नसेल, तर केंद्राच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे परवाना लागत नाही. तरी यंत्र घेण्याआधी वन कार्यालयात विचारा आणि लाकडाची बिले जपा. कर्जासाठी मुद्रा आहे. हाताने काम करणाऱ्या सुताराला २०२३ साली सुरू झालेल्या विश्वकर्मा योजनेत ५ टक्के व्याजाने दोन टप्प्यांत ३ लाखांपर्यंत कर्ज मिळते, तारणाशिवाय. हे पैसे यंत्राला वापरा, उधारी भरायला नको.

भुशाकडे मात्र हसून पाहू नका. लाकडाची बारीक धूळ कर्करोगाला कारण होते असे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने १९९५ सालीच नोंदवले आहे. आमच्याकडे मास्क आणि धूळ ओढणारा पंखा लागल्याशिवाय मशीन सुरू होत नाही. करवतीवर हातमोजे आणि लोंबता शर्ट बंद. राजस्थानातून आलेले आमचे जुने मिस्त्री दहाही बोटे दाखवून नव्या पोरांना शिकवतात. त्यांच्यानंतर हे काम कोण शिकवणार, याचे उत्तर आमच्याकडे अजून नाही. सध्या दोन मुले शिकत आहेत, त्यातला एक आपल्याच मंडळातला आहे, नाव सांगितले तर लाजेल.

ज्यांना नोकरी सोडायची घाई झाली आहे त्यांनी आधी सहा महिने सुटीच्या दिवशी आमच्याकडे यावे. पॅलेट ठोकावे, वखारीत भाव करावा आणि निदान एकदा मिलच्या ऑफिसबाहेर बिलासाठी बसावे. वहिनी वही उघडून दाखवतील. रविवारी दुपारपर्यंत गाळा उघडा असतो, फक्त दिवाळी ते लाभपाचम आणि आखाजीच्या दिवसांत येऊ नका, तेव्हा आम्ही गावाला असतो.

आरतीची वेळ झाली आहे. गणपती बाप्पा मोरया!