जवळच्या जहाजाला ऐकू आलं नाही, दूरच्या खेड्याला आलं

आजचा विषय ऑरोरा, म्हणजे ध्रुवीय प्रकाश. हिरव्या पडद्यांचे रील्स तुम्ही भरपूर पाहिले असतील, त्यावर वेळ घालवत नाही. हा ऑरोरा रेडिओचं काय करतो ते आज बघू. त्यासाठी १९२८ सालची एक गोष्ट सांगतो.

२५ मे १९२८. 'इटालिया' नावाचं एअरशिप उत्तर ध्रुवावरून परत येत होतं. कप्तान होते उंबेर्तो नोबिले. स्वालबार्ड बेटांच्या ईशान्येला ते बर्फावर आदळलं. खालची केबिन तुटली आणि दहा जण बर्फावर फेकले गेले, त्यातला एक गेलाच. हलका झालेला फुगा उरलेल्या सहा जणांना घेऊन परत वर उडाला. ते सहा जण पुन्हा कुणालाही दिसले नाहीत.

बर्फावर राहिली नऊ माणसं, एक तंबू आणि नशिबाने शाबूत राहिलेला छोटासा शॉर्टवेव्ह ट्रान्समीटर. रेडिओ ऑपरेटर जुझेप्पे बियाजी याने एसओएस पाठवायला सुरुवात केली. त्यांच्या मदतीचं जहाज, 'चित्ता दि मिलानो', काहीशे किलोमीटरवर किंग्ज बे इथे उभं होतं. उत्तर नाही. दिवसांमागून दिवस गेले, तरी नाही. आणि क्रूर गंमत अशी, की रोमच्या स्टेशनवरच्या बातम्या मात्र बियाजीला ऐकू येत होत्या! शेवटी ३ जूनला तो एसओएस पकडला रशियातल्या एका खेड्यात राहणाऱ्या निकोलाय श्मिट या हौशी रेडिओवाल्याने. घरी बनवलेल्या रिसीव्हरवर, जवळपास दोन हजार किलोमीटरवरून.

जहाजावरचे लोक नीट ऐकतच नव्हते, असे आरोप तेव्हा झाले. त्यात तथ्य असेलही. पण २०२० मध्ये इटलीतल्या संशोधकांनी त्या दिवसांतली भूचुंबकीय स्थिती पुन्हा तपासली, आणि त्यांच्या मते बऱ्याच अंशी दोष आकाशाचा होता.

का ते बघा. शॉर्टवेव्ह लहर जमिनीलगत फार लांब जात नाही. ती वर जाते, दोन-तीनशे किलोमीटर उंचीवरच्या आयनांबरात वळते आणि खाली येते. नदीवर चपटा दगड तिरका फेकला की टप्पे खात जातो आणि सरळ खाली टाकला की बुडतो, तसंच इथे. बियाजीची फ्रीक्वेन्सी साधारण नऊ-दहा मेगाहर्ट्झची. तिरक्या गेलेल्या लहरी वळून लांब रशियात उतरल्या. जवळच्या जहाजापर्यंत पोचायला लहर जवळजवळ सरळ वर जायला हवी, आणि तशी गेलेली आयनांबर भेदून अवकाशात निघून गेली. मधला हा जो पट्टा कोरडा राहतो, त्याला स्किप झोन म्हणतात. जहाज नेमकं त्यात होतं.

आता यात ऑरोरा कुठे आला? मेच्या त्या शेवटच्या आठवड्यात भूचुंबकीय वादळ होतं. अशा वादळात चुंबकीय रेषांवरून इलेक्ट्रॉन खाली कोसळतात. त्यातले बरेचसे शंभर किलोमीटरच्या आसपास किंवा त्याहून वर थांबतात, आणि तिथे आपल्याला दिसतो तो उजेड तयार होतो. जास्त ऊर्जेचे इलेक्ट्रॉन मात्र आणखी खाली, ऐंशी-नव्वद किलोमीटरपर्यंत घुसतात आणि तिथल्या हवेचं आयनीकरण करतात. खरा घोळ इथे होतो. रेडिओ लहर आली की मोकळे इलेक्ट्रॉन तिच्याबरोबर डोलायला लागतात. वर विरळ हवेत हे चालतं, घेतलेली ऊर्जा ते परत देतात. पण इथे हवा तुलनेने दाट असते. डोलणारा इलेक्ट्रॉन रेणूंवर आपटत राहतो आणि लहरीची ऊर्जा उष्णता होऊन संपते. आमच्या भाषेत सांगायचं तर कनेक्शन आहे, पण सगळी पॅकेट्स वाटेतच ड्रॉप. त्यातच वादळात वरचा थरही विरळ होऊ शकतो, मग स्किप झोन आणखी रुंदावतो.

आणि मला सगळ्यात भारी वाटणारी गोष्ट. मेअखेरीस तिथे चोवीस तास ऊन असतं. म्हणजे वर ऑरोरा पेटला असता तरी तंबूतल्या माणसांना तो दिसणं शक्य नव्हतं. स्वच्छ उन्हात बसलेल्या माणसाला कळणार कसं, की डोक्यावर काय चाललंय!

नोबिलेंना २३ जूनला एका स्वीडिश वैमानिकाने बाहेर काढलं. उरलेल्यांना १२ जुलैला रशियाच्या 'क्रासिन' या बर्फफोड्या जहाजाने सोडवलं. त्यांना शोधायला निघालेले रोआल्ड आमुंडसेन, दक्षिण ध्रुवावर सर्वांत आधी पोचलेले तेच, परत आलेच नाहीत.

जाता जाता एक उलटी गोष्ट. त्याहून वरच्या फ्रीक्वेन्सीवर, म्हणजे ५० किंवा १४४ मेगाहर्ट्झवर, हाच ऑरोरा आरशाचं काम करतो. उत्तर युरोपातले हॅमवाले मुद्दाम अँटेना उत्तरेकडे फिरवतात आणि पडद्यावरून सिग्नल उडवून दक्षिणेकडच्या माणसाशी बोलतात. पडदा सतत हलत असल्याने आवाज घोगरा, घसा बसल्यासारखा येतो. मोर्सची शिट्टी तर नुसती फुसफूस होते.

हा सगळा इतिहास झाला असं समजू नका. सुमारे ८२ अंश उत्तरेच्या वर विषुववृत्तावरचे भूस्थिर उपग्रह क्षितिजाखाली जातात. ध्रुवावरून जाणारी विमानं म्हणूनच बराच काळ शॉर्टवेव्हवर अवलंबून होती. आता इरिडियमसारखे ध्रुवांवरून फिरणारे उपग्रह आहेत, तरी शॉर्टवेव्ह काढून टाकलेली नाही. जानेवारी २०१२ च्या सौरवादळात डेल्टाने काही विमानांचे ध्रुवीय मार्ग बदलले होते. त्या वेळी कारण होतं सूर्याकडून आलेले प्रोटॉन. ते ध्रुवाभोवतीचा सगळा प्रदेश कित्येक दिवस बंद करू शकतात. ऑरोराचा मार त्यामानाने काही तासांचा, तोही तुकड्यातुकड्यांत. जानेवारी २०२१ मध्ये कॅप्टन झोया अग्रवाल आणि त्यांच्या सहकारी महिला वैमानिकांनी सॅन फ्रान्सिस्को ते बेंगळुरू विमान नेलं, ते याच भागातून.

हे शोषण मोजतात कसं? रिओमीटरने. हे यंत्र स्वतः काहीच पाठवत नाही. आकाशगंगेतून सतत येणारी रेडिओ खरखर तीस-चाळीस मेगाहर्ट्झवर ऐकत बसतं. खरखर नेहमीपेक्षा कमी झाली, की समजायचं मधल्या थराने ती गिळली. अंटार्क्टिकातल्या आपल्या मैत्री केंद्रावर असं यंत्र आहे, आणि ते बसवलंय आपल्या पनवेलच्या भारतीय भूचुंबकत्व संस्थेने. त्या संस्थेवर एक वेगळा भाग करायचाय. प्रश्न असतील तर पाठवून ठेवा. भेटू पुढच्या भागात.