हृदयाची राखण : डबीत नव्हे, डब्यात

(वाराणसी येथे रेल्वे व टपाल कामगारांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



काशीत येऊन बोलायचे म्हणजे अध्यात्मावर बोलावे, अशी अपेक्षा असते. आम्ही मात्र पोटावर बोलणार आहोत आणि पोटावरून हृदयावर येणार आहोत. आज सकाळी येताना आपल्यापैकी बहुतेकांनी कचौडी-भाजी आणि जिलेबीचा समाचार घेतला. आम्हीही घेतला. बनारसला येऊन ती खाऊ नका, असे सांगण्याचा अरसिकपणा आम्ही करणार नाही. प्रश्न दोन दिवसांच्या कचौडीचा नाही, तीस-पस्तीस वर्षांच्या नोकरीतील रोजच्या जेवणाचा आहे.

प्रथम आमच्याच एका सहकाऱ्याची हकीकत सांगतो. टपाल छाटणीत रात्रपाळी करणारा, कामाला चोख माणूस. रक्तदाबाची गोळी चालू होती. एका ओळखीच्या माणसाने ‘हृदयाला बळ देणाऱ्या’ म्हणून लसणाच्या व माशाच्या तेलाच्या कॅप्सूल त्याच्या गळ्यात मारल्या. महिन्याला दीड हजार रुपये जाऊ लागले, तेव्हा घरातील फळे बंद झाली, दूध कमी झाले. कॅप्सूल ‘नैसर्गिक’ आहेत, मग गोळी कशाला, म्हणून त्याने दवाखान्यातून मिळणारी गोळीही सोडली. सात महिन्यांनी अर्धांगवायूचा झटका आला. आज तो चालतो, पण उजव्या हाताने पाकिटावर पत्ता लिहू शकत नाही. आम्ही रोज त्याच्या शेजारी बसत होतो. आम्ही एकदाही विचारले नाही. हा दोष आमचाही आहे आणि म्हणूनच आज या विषयावर बोलत आहोत.

या कॅप्सूलबद्दल संशोधन काय सांगते? अमेरिकेत सुमारे 26 हजार लोकांवर एक मोठी चाचणी झाली. त्यांतील काहींना रोज 1 ग्रॅम ओमेगा-3, काहींना ड जीवनसत्त्व, काहींना दोन्ही आणि बाकीच्यांना नुसती बिनऔषधी गोळी सुमारे पाच वर्षे दिली. 2018 साली निष्कर्ष आले. हृदयविकाराचा झटका, पक्षाघात आणि त्यांमुळे होणारे मृत्यू यांच्या एकूण प्रमाणात लक्षणीय घट झाली नाही. ई जीवनसत्त्वाच्या मोठ्या चाचणीचा निकाल 2000 सालीच आला होता. तोही असाच. आपल्याकडे अशा पूरक पदार्थांच्या वेष्टनावर ‘औषधी वापरासाठी नाही’ अशा अर्थाची सूचना इंग्रजीत छापलेली असते. विकणारा ती वाचून दाखवत नाही. आपण वाचावी.

याचा अर्थ सगळ्याच गोळ्या खोट्या, असा नव्हे. रक्त तपासून बी-12 किंवा लोह कमी निघाले आणि डॉक्टरांनी लिहून दिले, तर अवश्य घ्या. पण ती त्या उणिवेवरची गोळी असते, हृदयाचा विमा नव्हे. रक्त पातळ करणारे औषध चालू असेल, तर लसणाच्या किंवा माशाच्या तेलाच्या कॅप्सूल डॉक्टरांना विचारल्याशिवाय मुळीच घेऊ नका. रक्तस्रावाचा धोका वाढू शकतो.

मग हृदय राखावे कसे? याचा एक धडा रेल्वे कामगारांच्याच इतिहासात आहे. मुंबईला पश्चिम रेल्वेत डॉ. एस. एल. मल्होत्रा हे वैद्यकीय अधिकारी होते. 1958 ते 1962 या काळातील, देशभरातील सुमारे साडेअकरा लाख रेल्वे कर्मचाऱ्यांच्या नोंदी त्यांनी तपासल्या. 1967 साली त्यांचे लेख ब्रिटनमधील हृदयरोगाच्या नियतकालिकात छापून आले. दक्षिणेतील कर्मचाऱ्यांत या विकाराने होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण उत्तरेच्या सुमारे सातपट निघाले आणि आश्चर्य म्हणजे स्निग्ध पदार्थ उत्तरेकडचे लोक कितीतरी अधिक खात होते!

आता कोणी म्हणेल, ‘चला, तुपाला मोकळीक मिळाली.’ तसे नाही. त्या काळच्या मृत्यूच्या नोंदी, दोन्हीकडचे राहणीमान आणि कामाचे स्वरूप यांत पुष्कळ फरक होते. मल्होत्रांनी स्वतः दूध-दही, चोथा असलेले अन्न, नीट चावून खाणे अशा अनेक गोष्टींकडे बोट दाखवले होते. त्यांची सगळी अनुमाने आज कोणी जशीच्या तशी धरत नाही. आपण घ्यायचा बोध एवढाच की, हृदय एका पदार्थावर बिघडत नाही आणि एका पदार्थाने सुधारतही नाही. सबंध जेवण आणि जेवण्याची रीत पाहावी लागते. जी गोष्ट सबंध ताटात आहे, ती कॅप्सूलमध्ये कशी मावणार?

म्हणून ताटाकडे वळू. पहिले मीठ. जागतिक आरोग्य संघटना माणशी दिवसाला 5 ग्रॅमच्या आत मीठ सांगते, म्हणजे चहाचा सपाट चमचाभर. त्यात लोणचे, पापड, फरसाण सगळे आले. चीनमधील 600 खेड्यांत मिठातील काही सोडियमच्या जागी पोटॅशियम घातलेले मीठ देऊन पाहिले. पक्षाघात व मृत्यू दोन्ही घटल्याचे 2021 साली दिसले. मात्र मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी हे मीठ डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरू नये.

दुसरे तेल. पुनःपुन्हा तापवलेल्या तेलातले तळण रोज नको. घरात माणशी महिन्याला अर्धा ते पाऊण लिटर तेल, हा हिशेब धरा.

तिसरे, जे खायचे ते. भाकरी, मटकीची उसळ, डाळ, पालेभाजी, मूठभर शेंगदाणे, बिनमिठाचे ताक. जवसाच्या चटणीत वनस्पतीतला ओमेगा-3 असतो, बांगड्यात माशातला. दोन्ही बाजारात मिळतात, एजंट लागत नाही. या बनारसचेच पाहा. हिवाळ्यात इथे चूडा-मटर करतात, म्हणजे आपले मटार घातलेले पोहेच. भाजलेल्या हरभऱ्याचे सत्तू पाण्यात कालवून, कांदा-लिंबू घालून पितात. रात्रपाळीला समोसा-चहापेक्षा हे बरे, फक्त मीठ बेताने घाला. आणि पानातला तंबाखू सोडा. तो चालू ठेवून जवस खाणे म्हणजे घडा फुटका ठेवून पाणी भरणे.

पण बंधूंनो, सगळा भार कामगाराच्या जिभेवर टाकून चालणार नाही. रात्री दोन वाजता फलाटावर वडा आणि चहाच मिळत असेल, तर उपदेश कोणाला करायचा? म्हणून प्रत्येक शाखेने तीन गोष्टी हाती घ्याव्यात. रनिंग रूम व कँटीनमध्ये कमी मिठाची उसळ, पालेभाजी आणि ताक मिळावे, जेवायला पुरेसा वेळ मिळावा, ही मागणी लेखी द्यावी. पस्तिशीपुढच्या प्रत्येक सभासदाचा रक्तदाब वर्षातून एकदा तपासून घ्यावा. आणि संघटनेच्या कचेरीत अशा कॅप्सूलची विक्री होऊ देऊ नये, मग विकणारा आपलाच माणूस का असेना.

शेवटी एकच विनंती. उद्या कामावर गेल्यावर शेजारच्या सहकाऱ्याला विचारा, ‘गोळी घेतलीस का? डब्यात काय आणलेस?’ आम्ही विचारायला चुकलो. तुम्ही चुकू नका. एवढे बोलून आम्ही रजा घेतो.